उघाडीचं पाणी

शेजारी कुणी मिसरी भाजली की बायकोबरोबर केलेलं शेवटचं साधं काम आठवतं. आम्ही पनवेलच्या खाडीवर उघाडीचं पाणी चाखलं होतं. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार; भरती आली की मिटतं, ओहोटीला आतलं पाणी सोडतं. आमची भातशेती कधीच सुटली, पण दार भरती अडवतच राहिलं, आणि बांधाआतल्या खाजणातली, खाऱ्या पाण्यावर जगणारी मोरसाची भाजी जाऊन तिथं गोड्या पाण्यातलं पाणकणीस माजलं. मग एक मॅडम आल्या. खारं पाणी आत गेलं तर खाजण परत जिवंत होतं का, ते बघायला त्यांनी दार थोडं उचलून बांधलं. बायकोला एकच घोर, मोरस परत उगवेल काय? चिखलात उतरून तिनं आतलं पाणी ओंजळीत घेतलं, चाखलं आणि म्हणाली, “अळणी हाय.” मी चाखलं तर खारट. मी म्हटलं, “तुज्या तोंडात मिसरी, तुला काय कलतंय!” मॅडम म्हणाल्या, “काकू, तोंडात घेऊ नका, यंत्र आहे ना.” “तुमचं यंत्र भाजी खातं काय?” यंत्र बघून मॅडमनी सांगितलं, खारट आहे, पण मोरसाला पुरेल इतकं नाही, उद्या मोठी भरती, उद्या कळेल. “मंग उद्या येते,” ती म्हणाली. त्याच संध्याकाळी चुलीपुढं बसल्या जागी ती गेली. मुलगी यायची होती, म्हणून बायकोला रात्रभर घरातच ठेवलं. सकाळी लोक बांबू बांधत होते, तेव्हा मी कुणाला न सांगता बांधावर गेलो, मॅडमना यंत्र पाण्यात धरायला लावलं, आणि घरी येऊन सगळ्यांदेखत तिच्या कानाशी वाकून सांगितलं, “पुरेल इतकं खारट हाय गो.”