मिल्का पूर्ण पांढरी झाली त्याची गोष्ट

मिल्काइतकी बडबडी बाई मी अख्ख्या गालीलात पाहिली नाही. गावाबाहेर काढलेली माणसं सहसा गप्प होतात. ही मात्र आमच्या वस्तीत आली तीच भांडत.

"हूशाम, कुंभार होतास ना तू? मग चूल अशी थापतात होय?"

पहिल्याच दिवशी तिने माझी चूल पाडून नवी घातली. मला भयंकर राग आला. पण चूल झकास झाली होती, त्यामुळे मी तीच पेटवली.

तेव्हा तिच्या हातावर दोनच पांढरे चट्टे होते. याजकाने ते पाहून महारोग ठरवला, आणि सहा वर्षांची तिर्सा नवऱ्याजवळ सोडून ती टेकडीपलीकडे आमच्यात आली. त्याला आता तेरा वर्षं झाली. तिर्सा दर आठवड्याला हद्दीच्या दगडावर जवाच्या भाकरी नि मलम ठेवायची, मग वीस पावलं मागे सरून मायलेकी गळा फाडून गप्पा मारायच्या. त्यांच्या घरातली भांडणं आम्हा सगळ्यांना पाठ होती.

आम्ही रोज प्रार्थना करायचो, "देवा, हे चट्टे थांबव." चट्टे काही थांबले नाहीत. पाठ, पाय, चेहरा, सगळं पांढरं होत गेलं. एकदा, एकदाच, मिल्का माझ्यासमोर रडली. म्हणाली, "देव माझं ऐकतच नाही रे."

मग यंदा एल्याकीमगुरुजी आले. त्यांना रोगबिग काही नव्हता. नासरेथचा येशू मेला आणि पुन्हा उठला असं ते उघड सांगायचे, म्हणून भावांनी त्यांना घराबाहेर काढलं. ते सरळ आमच्याकडे आले आणि माझ्या ताटात जेवायला बसले.

"गुरुजी, बाटाल," मी म्हटलं.

"येशू तुमच्यासारख्यांना हात लावायचा, आणि मी भाकरीला घाबरू? वाढ मसूर."

त्या जेवणापासून त्यांचा येशू माझाही झाला, हे मी कुणालाही सांगेन.

जेवता जेवता गुरुजींनी मिल्काकडे निरखून पाहिलं. "ही बाई अजून इथे कशी? नियमशास्त्रात स्पष्ट लिहिलंय. चट्टा अर्धामुर्धा असेल तर अशुद्ध. डोक्यापासून पायापर्यंत सगळंच अंग पांढरं झालं आणि कुठे जखम नसेल, तर ती शुद्ध!"

आमचे घास हातातच राहिले.

"म्हणजे आम्ही तेरा वर्षं उलटी प्रार्थना केली?" मी विचारलं.

मिल्का हसत सुटली ती पार लोळायला लागेपर्यंत. "आणि देव बिचारा ऐकत नव्हता म्हणून माझं काम झालं!"

आता तिच्या मानेवर सावळ्या कातडीचा एकच ठिपका उरला होता, मसुराएवढा. मलम उकिरड्यावर गेलं. रोज दुपारी सगळी वस्ती तिची मान तपासायला रांगेत उभी.

"नीट बघ रे मेल्या, माझ्या लेकीचं लग्न आलंय!" ती माझ्यावर खेकसायची. तिर्साचं लग्न ठरलं होतं, आणि त्यात आईने असावं एवढंच दोघींना हवं होतं.

लग्नाच्या दोन दिवस आधी ठिपका गेला. मलकीया याजकाला निरोप धाडला. तो लग्नाच्या दिवशी सकाळी शुद्धीच्या विधीसाठी दोन पक्षी घेऊन आला, आणि नेमकं आभाळ भरून आलं. ढगाळ उजेडात डाग तपासायचा नाही, असा दंडक. मलकीया भला माणूस, पण नियमाचा पक्का. तो दगडावर बसून राहिला.

"बाई, ऊन पडलं तर आज, नाही तर उद्या."

"उद्या माझ्या लेकीचं लग्न कोण लावणार आहे?" मिल्का म्हणाली.

दुपार झाली. वरात वरच्या वाटेने जायची, ती खाली आमच्याकडे वळली. पुढे तिर्सा, नटलेली, हद्दीच्या दगडाशी येऊन थांबली.

"आईशिवाय मी पाऊल पुढे टाकणार नाही!"

"अगं, तिकडे कोकरू करपतंय!" नवरदेवाचा काका ओरडला.

"करपू दे," नवरदेव म्हणाला आणि त्याने डफ वाजवायला घेतला. अलीकडे आम्ही नाचलो, पलीकडे ते नाचले. गुरुजी मधोमध उभे राहून येशूचं नाव घेत प्रार्थना करत होते. माझी बोटं झडलेली, तरी टाळ्या वाजवल्याच.

तिसऱ्या प्रहरी ऊन पडलं. मलकीयाने केसांपासून तळव्यापर्यंत पाहिलं. मान दोनदा पाहिली. मग म्हणाला, "शुद्ध!"

ओढ्यावर विधी झाले. एक पक्षी कापला, दुसरा सोडून दिला. केस काढले, भुवयासुद्धा. मिल्का न्हाऊन बाहेर आली ती सोललेल्या अंड्यासारखी. सात दिवस स्वतःच्या घरात जायला मनाई, पण लग्न नवरदेवाच्या अंगणात होतं.

तिर्सा धावत सुटली. आणि मिल्का मागे सरली, ओठांवर हात ठेवून किंचाळली, "अशुद्ध! अशुद्ध!" कुणी जवळ आलं की आम्हाला हेच ओरडावं लागतं. तेरा वर्षांची सवय.

"बाई, मला खोटं पाडतेस काय?" मलकीया हसला.

तिर्सा थांबली नाही. तिने आईला घट्ट मिठी मारली. मी हद्दीच्या अलीकडून ढसाढसा रडलो, आणि मला त्याची लाज नाही. मिल्काचे हात कितीतरी वेळ हवेतच होते. मग तिने लेकीच्या पाठीवर एक बोट टेकवून पाहिलं, मग दुसरं, मग सगळा हात.