आपोआप उघडणारा ब्राउझर

काल गावच्या ग्रंथालयात एक बाई संगणकापुढे बसल्या आणि समोर जो ब्राउझर उघडला त्यातच मुलीचा निकाल शोधू लागल्या. दुसरा एखादा असू शकतो, हे त्यांच्या मनातही आलं नसावं. मला मात्र जोशीसर आठवले.

अशा ग्रंथालयांसाठी जोशीसर आणि आम्ही तिघं मिळून मराठीतलं लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी मोफत प्रणाली, तयार करतो. त्यात आपोआप उघडणारा ब्राउझर अगदी अलीकडपर्यंत एक छोटासा, जुना होता. त्यातला शब्द न् शब्द सरांनी मराठीत आणलेला. निवृत्तीनंतरची सगळी वर्षं त्यांनी त्यातच घातली. पण तो बनवणाऱ्यांनी काम थांबवलं. नव्या साइट उघडेनात, पासवर्डचाही भरवसा राहिला नाही. तो बदलायला हवा होता, पण हे सरांना सांगायचं कुणी?

बैठकीत आम्ही तिघं दुसरेच विषय काढत राहिलो. शेवटी सरच म्हणाले, "अरे, माझा काढा."

"सर, आत कुठेतरी राहू दे," मी म्हटलं. "ज्याला हवा तो शोधून वापरेल."

"धोक्याचा आहे ना? मग पूर्णच काढा."

माणूस समोर येईल ते वापरतो. त्याच्यासाठी निवड आधीच कुणीतरी केलेली असते, आणि त्या निवडीत कुणाची तरी वर्षं पुसली गेलेली असतात, हे त्याला कळायचं काही कारणच नसतं.

काल संध्याकाळी सरांचा फोन आला.

"नवा नीट चालतोय?"

"हो, सर."

मग त्यांनी हळूच विचारलं, "त्यातलं मराठी कुणी केलंय रे?"

मला माहीत नव्हतं.