गुडघ्याची पिवळी गोळी

अर्धवट कापलेल्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स घरात कशा साठतात, कळतच नाही. माझ्याकडे किस्से तसेच साठलेत. मी गुरुग्रामला एका औषध कंपनीत आहे. कुठलं औषध कशावर, कशाबरोबर चालत नाही, हे लोकांना फोनवर सांगायचं, हीच माझी नोकरी. अख्ख्या देशातून फोन येतात. आमच्या सोसायटीच्या मराठी मंडळातून मात्र एकही नाही. त्यांचं आपसात भागतं ना!

*

सुरुवात घरापासून. मंदार, माझा नवरा, आयटीतला मॅनेजर. सर्दीची गोळी घेण्याआधी पाकिटातला कागद वाच, म्हणून मीच त्याच्या मागे लागले. पठ्ठ्याने मोबाइलवर फोटो मोठा करकरून अथपासून इतिपर्यंत वाचला! थोड्या वेळाने बघते तर सोफ्यावर आडवा.

"यार, गरगरतंय मला. तोंडही कोरडं पडलंय. सगळं अगदी लिहिल्याप्रमाणे होतंय!"

"अरे, गोळी अजून पाकिटातच आहे!"

*

मग शेजारची सुप्रिया. तापाला एक गोळी, अंगदुखीला दुसरी, दोन्ही दिवसभर चालू. मी पाकिटं हातात घेतली. वर ठळक नावं वेगवेगळी, खाली बारीक अक्षरात दोन्हीकडे पॅरासिटामॉलच! बाई हादरली. तिने आधी डॉक्टरांना विचारून घेतलं आणि मग केमिस्टला फोन लावून झापलं.

"भैया, आपने बताया क्यों नहीं?"

"मॅडम, एक आपने मुझसे ली, एक ऐप से मंगाई. ऐप से पूछा?"

*

जानेवारीत आमचं मंडळ बस करून पानिपतला, मराठ्यांच्या लढाईच्या काला अंब स्मारकाला जातं. यंदा बसमधून उतरतानाच देशपांडे काकांचा गुडघा धरला. झालं! सगळ्यांचे पाउच उघडले. आमची मंडळी एक वेळ चिवडा घरी विसरतील, गोळ्या नाही. त्याही सगळ्या सुट्या, नावाचा पत्ता नाही.

"काका, ती गुलाबी घ्या. गुडघ्याला एकदम बेस्ट!"

"अहो, थांबा! गुलाबी माझी थायरॉईडची. गुडघ्याची पिवळी!"

"नाव तरी बघू द्या," असं मी ओरडतेय तोवर काकांनी पिवळी गिळलीसुद्धा. आणि नंतर सगळ्यांच्या पुढे तरातरा चालले. माझं कोण ऐकणार?

*

काकांची पिवळी मग रोजचीच झाली. एकदा लिफ्टमध्ये काकू भेटल्या.

"अगं, यांना हार्टच्या त्रासानंतर रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. त्याबरोबर ही पिवळी चालते ना?"

मी तशीच त्यांच्या घरी गेले, स्ट्रिप बघितली. भीती होती तेच निघालं.

"काका, या दोन गोळ्या एकत्र घेतल्या तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पिवळी आता घेऊ नका. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना फोन करा!"

काका हसले. "तू घाबरट आहेस. एवढं धोक्याचं असतं तर ग्रुपवर आलं नसतं का?"

राग असा आला म्हणता! पण काकूंनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"तू सांगून ऐकणार नाहीत ते. हेच सगळं लिहून माझ्या सांगलीच्या बहिणीला पाठव. ती टाकेल आमच्या फॅमिली ग्रुपवर. आणि खाली हात जोडलेले टाक, त्याशिवाय यांना खरं वाटत नाही."

मी ओट्यापाशी उभं राहून टाइप केलं. कुठली गोळी, कशाबरोबर नको, डॉक्टरांना लगेच विचारा. खाली हात जोडले. वर लिहिलं, 'महत्त्वाचे! वाचा आणि पुढे पाठवा.' आणि काकूंनी दिलेल्या बहिणीच्या नंबरवर पाठवून दिलं.

मी चपला घालतेय तोवर बाहेरच्या खोलीत काकांचा फोन वाजला. वाचता वाचता चेहरा उतरला. त्यांनी तिथेच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर बरंच रागावले, पिवळी बंद केली आणि उद्या तपासणीला या म्हणाले. मला हायसं वाटलं.

घरी पोचते न पोचते तोच माझा मोबाइल वाजला. काकांचा मेसेज. माझाच मजकूर, शब्द न् शब्द, हात जोडलेले तसेच. खाली काकांची एक ओळ:

"हे वाच. आणि तुमच्या कंपनीत पण दाखव जरा!"