फुईचा दगडांचा खेळ

अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात माझ्या फुईइतकं मनापासून कुणी रागावत नाही. फुई म्हणजे वडिलांची बहीण. पुण्याला नोकरी लागल्यावर मी एकदा तिला फोनवर ‘आत्या’ म्हणून पाहिलं, तर ती त्यावरही रागावली. इतर लोक रागावतात ते डोकं फिरल्यावर. फुई डोकं पूर्ण ठिकाणावर असताना रागावते. सकाळी उठावं, वेणी घालावी, चहा घ्यावा आणि रागवायला लागावं असा तिचा नेम. वर्गात कुणी नसताना फिरणारा पंखा, भरून वाहणारी बादली, वर्तमानपत्रात चुकलेली वेलांटी, आईच्या हातातून ताट काढून घेऊन ‘तू नंतर जेव’ म्हणणारे मुलगे, यातलं काहीही तिला चालत नाही. “एवढं संतापू नका बाई” असं कुणी म्हटलं की ती कपाळाला आठ्या घालून म्हणते, “मी कोठे संतापी ऱ्हायनी? मी सांगी ऱ्हायनी!” अक्कलकुव्याच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. फळ्यापाशी तिची मराठी पुस्तकातल्यासारखी शुद्ध असायची. पारा चढला की माहेरची, आमच्या कोरीटची अहिराणी बाहेर यायची. बाईंनी ‘आहे’चं ‘शे’ केलं की मुलं मुकाट वह्या उघडत.

मोलगीला जाणाऱ्या जीपवाल्यांशी तर तिचं जुनं वैर. प्रवासी भरेपर्यंत इंजिन सुरू ठेवायचं, धूर सोडत उभं राहायचं, ही त्यांची रीत. एकदा तिनं खिडकीतून हात घालून किल्लीच काढून घेतली, पर्समध्ये टाकली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. ड्रायव्हरनं हात जोडले. फुई म्हणाली, “भर गाडी. भरली की देते. माझ्या नाकात धूर भरायचं भाडं मी तुला देत नाही.” गाडी तासाभरानं भरली. त्या तासात तिनं त्याला ज्वलन म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यानंतर नाक्यावर फुईचा नाकाला लावलेला पांढरा रुमाल दिसला की जिपा आपोआप बंद व्हायला लागल्या. कोरीटला चुलतभावाच्या लग्नात डीजेचा जनरेटर भकभकायला लागला, तेव्हा ती छत्री उघडून त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसली आणि वरात दुसऱ्या गल्लीतून न्यावी लागली. तेव्हापासून भावकीतल्या पत्रिका तिला हातात देताना लोक हळूच सुचवतात, “ताई, जेवायला नक्की या. वरातीला नाही आल्या तरी चालेल.” तिच्या हातची भाकरी मात्र कागदासारखी पातळ आणि चंद्रासारखी गोल. थापताना तिला कुणीतरी आठवत असावं, असा माझा लहानपणापासूनचा अंदाज आहे.

अशा बाईच्या शाळेत मी माझा खेळ घेऊन गेलो.

मी पुण्यात मुलांसाठी शैक्षणिक गेम बनवणाऱ्या एका कंपनीत आहे, म्हणजे तेव्हा होतो. कार्बनचं उत्सर्जन कसं कमी करावं हे मुलांना खेळता खेळता कळावं म्हणून आम्ही टॅबवरचा एक गेम केला होता. मुलानं आपल्या घराबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, सवयी बदलायच्या आणि पडद्यावरचं झाड हिरवं करायचं. तीन दिवसांची कार्यशाळा, शेवटच्या दिवशी कंपनीनं बोलावलेल्या पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक. फुईला वाटलं, भाचा चांगलं काहीतरी घेऊन येतोय. तिनं नववीच्या वर्गाला आदल्या आठवड्यातच बजावून ठेवलं होतं, “माझा भाचा येतोय. नखं कापून या.”

पहिल्याच दिवशी रमिला अडली. रमिला मोलगीच्याही पुढच्या डोंगरातल्या पाड्यावरची, शाळेच्या वसतिगृहात राहणारी मुलगी. पहिला प्रश्न होता, तुमच्या घरी गाड्या किती? उत्तरं तीन : एक, दोन, तीन किंवा जास्त. तिचं बोट तसंच वर राहिलं.

“सर, यात नाही असं कुठे आहे?”

“एक दाब आणि पुढे जा,” मी म्हणालो.

तिनं एक दाबलं. मग एसी किती अंशांवर ठेवता, विमानानं किती वेळा जाता, हेही तसंच अंदाजानं दाबत गेली. शेवटी स्वयंपाकाचं इंधन आलं आणि तिला पहिल्यांदा आपलं उत्तर सापडलं : लाकूड. तिनं खुशीत ते दाबलं. झाडाची पानं गळून पडली, पडदा काळा झाला आणि एक गोड आवाज म्हणाला, “अरेरे! तुझ्यामुळे पृथ्वी तापते आहे. आजच सवय बदल!” शेजारी पारस बसला होता. त्याच्या घरचं बाजारपेठेत कापडाचं मोठं दुकान. दारात दोन मोटारी, तीन दुचाकी. त्यानं एसीचं तापमान दोन अंशांनी वाढवलं, पाच रोपं लावायचं वचन दिलं आणि टाळ्यांच्या कडकडाटात ‘पृथ्वीरक्षक’ झाला. रमिलानं त्या वाळक्या झाडावर पुन्हा बोट दाबून पाहिलं. मग तिनं मला अगदी प्रामाणिकपणे विचारलं, “सर, मी काय बंद करू?”

मी हसलो. म्हणालो, “अगं, खेळ आहे तो.”

फुई मागेच उभी होती. तिनं मला बाहीला धरून व्हरांड्यात ओढलं.

“हाऊ प्रश्न कोनी लिखा रे?”

“टीमनं,” मी म्हणालो.

तो प्रश्न मी लिहिला होता. ज्याच्या घरी बारावीपर्यंत एक सायकल होती, तीही पंक्चर, त्या माझ्या डोक्यात गाडी नसलेलं घर आलंच नव्हतं. आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

“तिना घर गाडी नही, लाईट येस नि जास,” फुई कडाडली. “ती सुट्टीले घर जास ते निम्मी वाट पायी जास. आनि तू तिले सांगस, तुन्हामुये धरती तपी ऱ्हायनी? लाज वाटाले जोयजे!”

मी पुण्याला फोन लावला. आमचे साहेब म्हणाले, पुढच्या आवृत्तीत बघू. आणि म्हणाले, “ती मुलगी पाहुण्यांसमोर नको. झाड हिरवं होणारी मुलं बसव.” आणि मी काय केलं? वहीतल्या प्रात्यक्षिकाच्या यादीतून रमिलाचं नाव खोडलं. खोडलेलं नाव फुईच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. तिनं ते पाहिलं, वही मिटून माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर सगळे टॅब कपाटात कोंडून वर्ग मैदानावर नेला.

तिचा खेळ साधा होता. मैदानाच्या कडेला दगडांचा ढीग. जे खरोखर आपल्या घरी आहे, त्याचे दगड घमेल्यात घ्यायचे : मोटारीचा मोठा, मोटारसायकलीचा मधला, फ्रिजचा छोटा, चुलीचाही एक. मग घमेलं डोक्यावर घेऊन मैदान पार करायचं. दगड खाली ठेवायचा असेल तर आपण खरंच काय करणार ते सांगायचं, आणि बाकीच्यांना पटलं तरच ठेवायचा. पारसला घमेलं उचलवेना. त्यानं घाईघाईनं “मी रोपं लावीन” म्हटलं, वर्ग ओरडला, “पानी कोन टाकी?” दगड घमेल्यातच राहिला. चौथ्या खेपेला तो घामाघूम होऊन म्हणाला, “आम्ही दोघं भाऊ शाळेत वेगवेगळ्या गाड्यांवर येतो. उद्यापासून पायी येऊ. घर इथंच तर आहे.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मधला दगड खाली आला. दुसऱ्या दिवशी ते दोघे खरोखर चालत आले, चेहरे लांब करून, पण आले.

रमिलाच्या घमेल्यात एकच दगड होता, चुलीचा. ती म्हणाली, “हा मला ठेवता येत नाही. पण धुरानं आई खोकते. मला तो ठेवायचाय.” यावर मुलं जे भांडली ते ऐकण्यासारखं होतं. धूर बाहेर नेणारी चूल कशी बांधतात हे एका मुलाला माहीत होतं. माती कुठली घ्यायची हे रमिलाला. तीन दिवसांसाठी आणलेल्या आमच्या गेममध्ये कुणीही कुणाला असं काही विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पाहुणे आले. पाच पाहुणे, पाच गाड्या, आणि गाड्या आतून गार राहाव्यात म्हणून पाचही इंजिनं सुरू. मुख्याध्यापक पुढे धावेपर्यंत फुईनं रमिलाला पुढे केलं होतं. मुलगी प्रमुख पाहुण्यांसमोर उभी राहिली आणि तिनं शाळेतल्या शुद्ध मराठीत विचारलं, “सर, आपल्या घरी गाड्या किती?” ते कौतुकानं हसून म्हणाले, “चार!” तिनं चार मोठे दगड भरलेलं घमेलं त्यांच्या पायाशी ठेवलं. “आता उचला. नाहीतर काय बंद करणार ते सांगा.”

ते घमेल्याला वळसा घालून पुढे गेले. बाहेर एका ड्रायव्हरनं मात्र आपणहून इंजिन बंद केलं.

पुढचं लवकर आटोपलं. कंपनीनं टॅब परत मागवले. शाळेच्या संस्थेनं फुईला खुलासा विचारला आणि डोंगरातल्या आपल्या शाखेत तिची बदली केली. कार्यशाळा का फसली याचा अहवाल माझ्याकडून मागितला गेला. तयार वाक्य वरूनच आलं होतं : ‘स्थानिक शिक्षिकेच्या असहकारामुळे.’ मी सही केली. सहा महिन्यांनी मी नोकरी सोडली, पण त्याचा फुईला काय उपयोग?

गेल्या हिवाळ्यात मी तिला भेटायला गेलो. मोलगीच्या बाजारात ती वाल घेत होती आणि वजनावरून एकाला सुनावत होती. मला पाहून थांबली, घरी घेऊन गेली, भाकरी वाढली. मुलांबद्दल बोलत राहिली. रमिला बारावीला आहे, तिच्या पाड्यावर सात घरांत नव्या चुली झाल्यात, त्यातल्या दोन धूर आतच सोडतात म्हणून फुई त्यांच्यावर चिडलेली आहे. मी ताटावरून उठेपर्यंत वाट पाहिली, आता बोलेल, आता बोलेल. शेवटी मीच म्हणालो, “फुई, तो गाड्यांचा प्रश्न मीच लिहिला होता. आणि अहवालावर सहीपण माझीच.”

“माले माहीत व्हतं,” ती म्हणाली.

“मग मला काहीच कसं बोलली नाहीस?”

तिनं माझ्या हातावर पाणी घातलं, टॉवेल दिला. आवाज इतका मऊ होता की मला तो ओळखूच येईना.

“आते काय बोलू भो? तू मोठा व्हयी गया.”

जीपपर्यंत ती सोडायला आली. वाटेत दोन पोरांवर, एका सरपंचावर आणि रस्त्यावर वाहणाऱ्या नळावर रागावली. मी शेजारून चालत होतो, आपली पाळी कधी येते याची वाट बघत.