शेठ, बसा हो

माझ्या भागीदारानं मला फसवलं. भोरमध्ये केबलवर बातम्यांची वाहिनी आम्ही दोघांनी मिळून उभी केली, आणि तिच्या प्रमुखाच्या खुर्चीवरून त्यानं मला घालवलं. मी आपणहून उठून गेलो, असं तो सांगतो. गावानंही तेच धरून ठेवलंय. उठलो मी खरा, पण कशासाठी उठलो हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी फारसा शिकलेला नाही. आठवडे बाजारात बिघडलेले रेडिओ घ्यायचो, नीट करून विकायचो. नव्वदीच्या सुरुवातीला कर्ज काढून गच्चीवर छत्री बसवली आणि घराघरांत वायर ओढायला लागलो. वायर न्यायची तर लोकांच्या कौलांवरून, गच्च्यांवरून न्यावी लागते. प्रत्येक घरमालक वेगळा नवाब. एकाला फुकट जोडणी हवी, दुसऱ्याला शेजाऱ्याला जोडणी नको. अशा लोकांशी बोलून बोलूनच मी घासाघीस शिकलो.

भागीदार हायस्कुलातला मास्तर. अक्षर सुंदर, बोलणं गोड, स्वभाव भित्रा. बातम्यांची कल्पना त्याची, हे मी कधी नाकारलं नाही. पुण्याच्या पेपरात भोरचं नाव यायला इथं बस दरीत जावी लागते, असं तो म्हणायचा. मग आम्ही लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचा कॅमेरा घेतला आणि संध्याकाळच्या बातम्या सुरू केल्या. भाटघरच्या धरणात पाणी किती आलं, घाट बंद आहे की चालू, कुणाची म्हैस हरवली, कुणाचा दहावा कुठल्या घाटावर. बातम्या वाचायला मोहल्ल्यातली एक मुलगी यायची. इतकं स्वच्छ मराठी मास्तरांच्या वर्गातही कुणी वाचत नसेल. प्रमुख मी. कुठली बातमी लागणार, कुठली नाही, हे मी ठरवायचो, आणि आमदाराच्या माणसाचा फोन आला तरी मीच घ्यायचो. मास्तर फोनला हातही लावायचा नाही.

वेल्ह्याकडं आमची वायर पोचत नव्हती. तिकडं पाठवायची बातम्यांची कॅसेट आम्ही एसटीच्या कंडक्टरकडं द्यायचो. ती नसरापूरवरून मार्गासनीला उतरायची, तिथून विंझरच्या केबलवाल्याकडं. भोरची कालची बातमी विंझरला आज लागायची. कुणी तक्रार केली नाही. आठवड्यातून एकदा मी स्वतः तिकडं जायचो, विंझरच्या पारावर बसायचो आणि तिथल्या बातम्या घेऊन यायचो. ती माझी आवडती फेरी होती. बायको वारल्यावर तर घरापेक्षा मला तो पार बरा वाटायचा. घरी जेवण मास्तरांच्या घरचं यायचं. वहिनी रोज डबा पाठवायच्या.

आता मुद्द्यावर येतो. आमची एक रीत होती. कुणाशीही व्यवहार करायचा असला, की मी ताणायचो आणि मास्तर गप्प बसायचा. समोरचा अडला की मी उठायचो. "न्हाई जमायचं," एवढंच म्हणायचो आणि दाराकडं जायचो. आमचं ऑफिस किराणा दुकानाच्या माडीवर, बाहेरून दगडी जिना. दारातल्या वरच्या पायरीवर चपला काढलेल्या असायच्या. मी चपला घालायला वेळ लावायचो. तेवढ्यात आतून मास्तरची हाक यायची, "शेठ, बसा हो." मी वळायचो, कपाळाला आठ्या तशाच ठेवून आत जायचो, आणि समोरचा माणूस चार पावलं खाली आलेला असायचा. हे आम्ही कधी बोलून ठरवलं नव्हतं. पहिल्यांदा मी खरोखरच चिडून उठलो होतो आणि त्यानं खरोखरच बोलावलं होतं. फायदा झाला, म्हणून तीच रीत पडली. एवढ्या वर्षांत आम्ही एकमेकांना अरेतुरे केलं नाही, पण त्या हाकेत जे होतं ते सख्ख्या भावातही नसतं.

दोन हजार साल उलटल्यावर पुण्याची एक मोठी केबल कंपनी आमच्याकडं आली. त्यांची वायर भोरपर्यंत येणार होती आणि आमची वाहिनी त्यांना हवी होती. दोन माणसं आली, बूट घालूनच आत. बोलणी सकाळीच सुरू झाली. बाकी सगळं जमत आलं होतं. अडलं एका गोष्टीवर. त्यांना बातम्या सुटसुटीत हव्या होत्या. दहावे नकोत, म्हशी नकोत आणि वेल्हं तर अजिबात नको.

"विंझरची बातमी बघणार कोण?" त्यांच्यातला एक म्हणाला.

"विंझरचा माणूस बघंल की," मी म्हणालो. "तुमच्या पुण्याची बातमी बघायला त्याला येळ कुठं?"

तो हसला. त्या हसण्यानं माझं डोकं तापलं, हे खरं. पण मी उठलो तो रागानं नव्हे. ती उठायचीच वेळ होती. आणखी एका धक्क्यात ते खाली आले असते. मला त्यांचे चेहरे दिसत होते, आणि असे चेहरे वाचण्यावरच माझं आयुष्य गेलं. मी म्हणालो, "न्हाई जमायचं," आणि दाराबाहेर आलो.

डावी चप्पल घातली. अंगठा नीट बसवला. उजवी घातली. आतून काही नाही. पंख्याचा आवाज येत होता. मग कपबशीचा आवाज आला आणि मास्तरचा आवाज आला. तो त्यांना म्हणत होता, "चहा घ्या, गार होतोय."

मी जिना उतरलो. खाली दुकानदारानं विचारलं, काय शेठ, झालं का काम? मी होय म्हणालो. समोरच्या टपरीवर उभा राहिलो, माडीच्या खिडकीकडं बघत. मग एसटी पकडून मार्गासनीवरून विंझरला गेलो. तिथं काही काम नव्हतं. पारावर बसलो. लोक बातम्यांविषयी विचारत होते आणि मी सांगत होतो.

परत आलो तोवर व्यवहार झाला होता. प्रमुख मास्तर. मी त्याला जिन्यातच गाठलं.

"उठून गेलात तुम्ही," तो म्हणाला. "मी काय समजायचं?"

"आजवर जे समजत आलात तेच समजायचं."

त्यानं मान खाली घातली. कंपनीच्या माणसांनी म्हणे त्याला आधीच सांगितलं होतं, की तुमचे शेठ भांडकुदळ आहेत, तुमच्याशी बोलणं सोपं जाईल. आधीच म्हणजे कधी, ते त्यानं सांगितलं नाही.

पुढं त्यानं माझा सत्कार ठरवला. वाहिनीचे संस्थापक म्हणून, शाळेच्या हॉलमध्ये. मी जाणार नव्हतो, पण न गेलो तर गाव म्हणालं असतं की रुसला. गेलो. शाल घातली, हातात श्रीफळ दिलं, आणि मास्तर माईकवर म्हणाला की यापुढं शेठ आपले मार्गदर्शक. मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "दिला बघा नारळ." सगळी रांग हसली. नोकरांना मी किती वेळा असं बोललो असेन. आता तो नारळ खरोखरच माझ्या हातात होता आणि देवाची वस्तू म्हणून खाली टाकता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी माझ्याच वाहिनीवर ती बातमी मी घरी एकटा बसून पाहिली. वाचणारीनं मार्गदर्शक हा शब्द भरभर उरकला.

त्या आठवड्यात मी वहिनींचा डबा बंद केला. रिकामा डबा परत देऊ नये म्हणतात, साखर तरी घालावी. मी रिकामाच पाठवला. त्यांनी समजायचं ते समजून घेतलं.

तेव्हापासून घरात दुसऱ्या माणसाचा आवाज नाही. टीव्ही चालू ठेवतो. मार्गदर्शकाकडं मार्गदर्शन मागायला कुणी आलं नाही. एकदा फक्त ती वाचणारी आली, लग्नाची पत्रिका घेऊन. जाताना दारात थांबली.

"भाऊ, एक सांगू? त्या दिवशी मी आतल्या खोलीत होते. तुम्ही चपला घालत होता तेव्हा मास्तर खुर्चीतून अर्धे उठले होते. तोंडसुद्धा उघडलं होतं त्यांनी."

"मग?"

"मग चहा ओतायला लागले."

ती गेली. मला वाटलं होतं हे ऐकून बरं वाटेल. उलट तेव्हापासून झोपच गेली. तो विसरला असता तर मी समजलो असतो. हाक त्याच्या तोंडात आली होती आणि त्यानं ती गिळली.

कंपनीनं त्यालाही फार दिवस ठेवलं नाही. पुण्याहून एक तरुण प्रमुख आला, मास्तर सल्लागार झाला, त्याचाही सत्कार झाला. मग भोरच्या बातम्या आठवड्यातून एकदा झाल्या आणि पुढं बंदच पडल्या. आता घाट बंद आहे की चालू, हे घाटात गेल्यावर कळतं. विंझरच्या पारावर मला अजून विचारतात, शेठ, आमची कॅसेट कधी येणार?

मास्तर सकाळी एसटी स्टँडच्या बाकावर पेपर घेऊन बसतो. माझा रस्ता तिथूनच आहे. आम्ही बोलत नाही. परवा मी समोरून येताना त्यानं पेपरची घडी केली, उठला आणि पाठमोरा चालायला लागला. दोन पावलांवर थांबला. वाकून चपलेचा अंगठा नीट करायला लागला. अंगठ्याला काही झालेलं नव्हतं. त्यानं किती वेळ लावला ते मला बरोबर समजत होतं. ती रीत माझीच.

मी हाक मारली नाही. मारणारही नाही. आधी माझा हिशेब होऊ दे.

मास्तर, वाहिनी गेली, खुर्ची गेली, त्याचं मी काही मागत नाही. तुम्ही अर्धे उठला होता. तोंड उघडलं होतं. मी पायरीवर उभा होतो, तुम्हाला ठाऊक होतं मी कशासाठी उभा आहे. तीनच शब्द होते. ते का गिळलेत, हे मला माझ्या दारात येऊन, माझ्या तोंडावर सांगा. मी घरीच असतो.