आकडा जुळला होता

चष्मेवाल्याच्या दुकानात माणसं दोन कारणांनी यायची. एक, डोळ्यांनी दगा दिला म्हणून. दुसरं, संघाने पुढची फेरी गाठली म्हणून. दुसऱ्या कारणाने येणारे जास्त असत आणि ते दमडीचंही काही घेत नसत. काउंटरवर कोपर टेकायचे, दिसेल ती फ्रेम नाकावर चढवून आरशात स्वतःचंच कौतुक करायचे आणि विचारायचे, "मग सेक्रेटरी, बस कधी ठरवताय?"

बावीस वर्षं चष्मेवाला संघाच्या चाहत्यांच्या गटाचा सेक्रेटरी होता. गंमत म्हणजे त्याने स्वतः चेंडूला पाय लावला तो शाळेत, एकदाच, आणि गोल केला तो आपल्याच जाळ्यात. पण परगावी, अवे मॅच असली की त्याच्यावाचून पान हलत नसे. बसवाल्याशी हुज्जत त्याने घालायची. यजमान क्लबच्या तिकीट खिडकीवरच्या बाईशी फोनवर गोड बोलून दहा तिकिटं जास्तीची त्यानेच पदरात पाडून घ्यायची. कोणाची कोणत्या बसमध्ये सोय केली याची यादी दोन दिवस आधी तिथल्या पोलिसांना धाडायची, वळणांवर कोणाला मळमळतं म्हणून पुढची सीट आणि कोणाचा गुडघा वाकत नाही म्हणून कडेची, हेही त्याच्याच डोक्यात. बायको म्हणायची, "माझं ब्लाऊजचं माप विचारा, आभाळाकडे बघतील. त्या टोळक्यातल्या प्रत्येकाला कुठे लघवीला लागते ते मात्र तोंडपाठ."

वाटेत बस थांबली आणि परत सुटायची वेळ झाली, की तो पुढे उभा राहून नावं वाचायचा. ज्याचं नाव त्याने "आहे" म्हणायचं. मान हलवलेली चालत नसे, हात वर केलेला चालत नसे. शेजाऱ्याने "आहे आहे, घोरतोय" म्हटलेलं तर मुळीच नाही. घोरणाऱ्याला उठवून त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचा. नवखे हसायचे. "शाळा आहे का ही?" जुने त्यांना कोपर मारून गप्प करायचे. शेवटचं नाव झालं तरी तो लगेच बसायचा नाही. कागद हातात धरून क्षणभर उभा राहायचा, कान मागच्या सीटकडे लावून. त्याला दर वेळी वाटायचं, तिथे मागे कोणीतरी श्वास आत ओढून घेतलाय. आता बोलेल. मग ड्रायव्हर वळून बघायचा आणि हा म्हणायचा, "चल."

नऊ वर्षांपूर्वी तो नावं वाचत नसे, डोकी मोजायचा. त्या वेळी दोन बस गेल्या होत्या. कपाचीच मॅच होती, हरून परत येत होते, संध्याकाळी धुकं उतरलं होतं. महामार्गावर एका पेट्रोल पंपाशी पंधरा मिनिटांसाठी थांबले. निघताना त्याने आपल्या बसमधली डोकी मोजली. अठ्ठेचाळीस हवी होती, अठ्ठेचाळीस भरली. पण मागच्या बसमधला सलूनवाला पत्ते खेळायला या बसमध्ये येऊन बसला होता. त्याने आपल्या बसला सांगितलं होतं, या बसला सांगायचं राहिलं. एक वाढला होता आणि एक कमी झाला होता, आणि आकडा चोख जुळला होता.

मागे राहिला तो रंगारी. घरं रंगवणारा, मोठ्या आवाजाचा, नखांत कायम कुठला ना कुठला रंग असलेला माणूस. गावात उतरल्यावर त्याची पिशवी सीटवर एकटीच सापडली. तोवर तो बस गाठायला धुक्यातून महामार्गाच्या कडेने चालत निघाला होता आणि एका ट्रकने त्याला उडवलं होतं.

चौकशी झाली. चष्मेवाल्याने सांगितलं, "मी मोजलं होतं. आकडा बरोबर होता." ते खरंच होतं. सलूनवाला ढसाढसा रडला. सगळे म्हणाले, नशिबाचा खेळ, कोणाला दोष द्यायचा? वर्षभर चष्मेवाला घरी बसला, मग लोकांनीच त्याला ओढून आणलं, कारण दुसऱ्या कोणाला पोलिसांची यादीसुद्धा धड करता येत नव्हती.

आणि यंदा कपाच्या सोडतीत तेच गाव निघालं. तोच रस्ता, तोच पंप.

सोडतीच्या तिसऱ्या दिवशी दुपारी रंगाऱ्याची बायको दुकानात आली. एका शाळेच्या स्वच्छतागृहांची देखभाल ती करायची. हाताला फिनेलचा वास होता.

"भाऊजी, सुईत दोरा जात नाही आता. बघता का जरा?"

"बघतो की, वहिनी. चाळिशी काय कोणाला चुकलीय."

तपासणीची खोली म्हणजे दुकानामागचा बोळच. त्याने दिवा मालवला. फक्त समोरचा अक्षरांचा तक्ता उजळलेला राहिला. तिच्या नाकावर ती जड, गोल, लोखंडी फ्रेम चढवली आणि एकेक भिंग सरकवायला लागला.

"हे स्पष्ट, की हे?"

"पहिलं. भाऊजी, त्या मॅचला मला यायचंय."

त्याच्या हातातलं भिंग फ्रेमला लागून टिणकन वाजलं.

"तुम्हाला? तुम्ही कधी मॅच बघितलीय?"

"मॅच गेली खड्ड्यात. मला तो पंप बघायचाय. आता हे दुसरं बरं दिसतंय."

"वहिनी, तिकिटं शहाण्णव आणि मागणारे दीडशे. चिठ्ठ्या टाकल्या मी. आणि तिथे बघायला काय आहे? पंप आहे, चहाची टपरी आहे."

"पाण्याची टाकी आहे ना?"

त्याने भिंग बदललं.

"त्या टाकीमागेच फोनला रेंज यायची म्हणाले होते हे. तिथून मला फोन केला." ती तक्त्याकडेच बघत बोलत होती, खालची ओळ वाचावी तसं. "मी सोडलंच नाही त्यांना. जगाची घरं रंगवता आणि आपल्या स्वयंपाकघराचे पोपडे पातेल्यात पडतात, म्हणून भांडत बसले. अकरा मिनिटं. ते म्हणत होते, अगं बस सुटेल, अगं ठेव. मी म्हटलं, सुटू दे. मग बॅटरी संपली असेल, बोलता बोलता बंद पडला."

चष्मेवाल्याला हे ठाऊक नव्हतं. नऊ वर्षांत कोणी त्याला सांगितलं नव्हतं.

"सासूबाई समोरच बसल्या होत्या. सगळं ऐकलं त्यांनी. त्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द नाही. माझ्या हातचं जेवतात, मी औषध दिलं तर घेतात, पण शब्द नाही. दोन खोल्यांचं घर आमचं, भाऊजी. वाट द्यायची तर एकीला भिंतीला टेकावं लागतं." तिने नाक ओढलं. "मला मोजायचंय, टाकीपासून बसपर्यंत किती पावलं आहेत ते. दहा मिनिटांवर ठेवला असता तर पोचले असते का, एवढं कळू दे. मग जे काय असेल ते असेल."

काळोखात तो तिच्या मागे उभा होता. ती त्याला बघू शकत नव्हती. दिवा लावून, फ्रेम उतरवून, "प्लस दीड, परवा न्या" म्हणून तिला वाटेला लावता आलं असतं. तिकिटं नाहीत हेही खोटं नव्हतं. त्याने तोंड उघडलं ते हेच सांगायला. घशातून निघालं ते वेगळंच.

"वहिनी, त्या दिवशी मागच्या सीटवर आजोबा होते. ते तिकीट तपासनीस होते ना, रिटायर झालेले, ते. तुमच्या यांच्या शेजारी बसायचे."

"मग?"

"माझं मोजून झालं. ड्रायव्हरला चल म्हणणार, तेवढ्यात आजोबा मागून ओरडले. माझ्या शेजारचा कुठे आहे? म्हणाले, तो आला नाहीये अजून."

भिंगांआड तिचे डोळे मोठे दिसत असणार, पण ते त्याला दिसत नव्हते.

"मी म्हटलं, आकडा जुळलाय आजोबा, पुढे बसला असेल कुठेतरी. झोपा. ते परत म्हणाले. मी परत म्हटलं, जुळलाय. उठून मागे बघायला गेलो नाही. बारा पावलं होती बसमध्ये. मॅच हरलो होतो, डोकं उठलं होतं, घरी जायचं होतं." "आजोबा पुढच्याच वर्षी गेले. कोणाला बोलले नाहीत. मीही नाही बोललो. तुम्ही अकरा मिनिटं बोलला असाल नाहीतर वीस. बस थांबायला हवी होती. थांबवायचं काम माझं होतं, आणि मला कोणीतरी सांगत होतं."

बाहेर दुकानात कोणीतरी आलं, "आहे का कोणी?" म्हणून हाक मारली, वाट बघितली आणि निघून गेलं.

तिने दोन्ही हातांनी फ्रेम उतरवली. काळजीपूर्वक मांडीवर ठेवली.

"नऊ वर्षं," ती म्हणाली. "दर लग्नात, दर बाजारात भेटत होता तुम्ही मला. कशा आहात वहिनी, म्हणत होता."

"हो."

"तुमच्या तोंडाकडे बघवत नाहीये मला. दिवा लावू नका." ती चाचपडत उठली. दाराशी थांबली. "दोन तिकिटं लागतील. आणि संध्याकाळी घरी या. हे जे बोललात, ते सासूबाईंसमोर बोला. एकही शब्द गाळायचा नाही."

तो गेला. म्हातारी खाटेवर बसून मटार सोलत होती. सून दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. चष्मेवाला खाली जमिनीवर बसला आणि सगळं बोलला. म्हातारीचं बोट शेंगेवर थांबलं.

"तो म्हातारा काय म्हणाला? परत सांग."

त्याने सांगितलं.

"आणि तू काय म्हणालास?"

तेही सांगितलं.

"परत."

तीनदा सांगायला लावलं तिने. तिसऱ्या वेळी त्याला स्वतःचा आवाज दुसऱ्याच कोणाचा वाटला, बसच्या मागच्या टोकाहून आल्यासारखा. म्हातारीने ताट बाजूला सरकवलं.

"तुला काय बोलावं ते मला अजून सुचत नाही," ती म्हणाली. "सुचलं की बोलेन. हातपाय तुटोत म्हणावं, तर त्याने काय माझं भरून येणार?" मग ती ताटातली टरफलं गोळा करायला लागली. मान वर न करताच म्हणाली, "तिथे थंडी असेल. तुझा जाड कोट काढून ठेव."

चष्मेवाल्याला वाटलं आपल्यालाच म्हणाली. मग त्याने सुनेकडे बघितलं. ती चौकटीवरून घसरत खाली बसली होती, पदराचा बोळा तोंडात कोंबून.

तिकिटांचं काय करायचं हा प्रश्नच नव्हता. एक त्याचं स्वतःचं होतं. दुसऱ्यासाठी तो सलूनवाल्याकडे गेला आणि त्यालाही सगळं सांगितलं. सलूनवाल्याच्या हातात वस्तरा होता, गिऱ्हाइकाच्या गालावर फेस. "म्हणजे मी एवढी वर्षं..." एवढंच म्हणाला तो. गल्ल्यातून तिकीट काढून काउंटरवर आपटलं आणि पाठ फिरवली. गिऱ्हाईक फेसासकट आरशातून बघत राहिलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या गटाला कळलं होतं. फ्रेमा चढवून बघायला कोणी आलं नाही.

शनिवारी पहाटे मात्र सगळे आले. कोणी त्याला नमस्कार केला, कोणी नाही. म्हातारीला पुढची सीट कोणीतरी स्वतःहून सोडली. सलूनवाला तिकीट नसताना आला होता. बसमध्येच बसून राहीन म्हणाला. एरवी निघाल्या निघाल्या सुरू होणारी गाणी त्या दिवशी सुरूच झाली नाहीत. एकाने विचारलं, "एकच्या आत पोचायचंय ना?" चष्मेवाला म्हणाला, "हो. एकनंतर पोलिस बस आत सोडत नाहीत."

दुसरी बस पुढे निघून गेली होती. हे पंपाशी पोचले तेव्हा धुकं उठलं नव्हतं. टपरी बंद पडली होती. टाकी होती, शेवाळलेली, पूर्वीपेक्षा बुटकी वाटणारी. त्याने दोघींना तिथवर नेलं आणि बस तेव्हा कुठे उभी होती ती जागा दाखवली. सून पावलं मोजत निघाली, पुटपुटत, आणि अर्ध्यावर थांबली. परत टाकीपाशी गेली. परत निघाली. म्हातारी काठी टेकत तिच्या मागोमाग. तिसऱ्या खेपेला म्हातारीने तिचा दंड धरला.

"पुरे," ती म्हणाली. "किती का असेनात."

दोघी तिथेच उभ्या राहिल्या, महामार्गाकडे तोंड करून. ज्या बाजूला तो चालत गेला होता तिकडे. धुक्यातून एकेक ट्रक आधी आवाजाने यायचा आणि मग दिसायचा, आणि दर वेळी दोघी एकाच वेळी दचकायच्या.

चष्मेवाला बसमध्ये चढला. नावं वाचायला कागद काढला आणि तसाच धरून राहिला. पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. पुढचा पल्ला दोन तासांचा होता आणि घड्याळ अकराच्या पुढे सरकत होतं. मागे बघायचं धैर्य त्याला होत नव्हतं. शेवटी त्याने बघितलं. बसभर माणसं, वर्षभर या एका दिवसाची वाट बघणारी, बस दोन मिनिटं थांबली तर छत डोक्यावर घेणारी, गळ्यात संघाचे मफलर गुंडाळून गप्प बसली होती. कोणी घड्याळ बघत नव्हतं. सगळे खिडकीच्या काचा पुसून त्या दोघींकडे बघत होते.

"निघायचं का?" ड्रायव्हरने विचारलं.

चष्मेवाल्याने हातातल्या कागदाकडे बघितलं. मागच्या सीटवरून सलूनवाल्याचा आवाज आला, "त्या येतील तेव्हा."

ड्रायव्हरने त्याच्याकडे बघितलं, बाहेर बघितलं, आणि इंजिन बंद केलं.