सुईनं टोचलेले पत्ते

गुलाम नबी मिस्त्रींनी नव्या खेळाचा खोका अंगणात भिरकावला, तेव्हा मी त्यांच्या ओसरीवर चहा पीत बसले होते. झाकण एकीकडे उडालं, रंगीत सोंगट्या दुसरीकडे. एक सोंगटी कोंबडीनं चोचीत धरून पाहिली आणि टाकून दिली. खोका आणणारा त्यांचा मुलगा आसिम दुकानावर निघून गेला. मिस्त्री तेवढंच म्हणाले, "मले कच्चा लिंबू बनवू नका." लहानपणी अंगणातल्या खेळात ज्याचं आउट होणं धरत नाहीत, तो कच्चा लिंबू. सत्तरी ओलांडलेला माणूस हे म्हणत होता.

मलाही संताप आला. घरी जाताना मी आसिमला मनातल्या मनात असं झोडपलं, की माझा नाटकातला पूर्वीचा प्रेक्षक असता तर टाळी पडली असती.

मिस्त्री म्हणजे उमरखेडच्या बाजारात चाळीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस. हंगामात ते आमच्या नाटक कंपनीबरोबर फिरायचे, दिवे सांभाळायला. घाटंजीच्या एका प्रयोगात पुढच्या रांगेतला कुणी बडा माणूस माझ्या प्रवेशात अचकट विचकट बोलत होता. व्यवस्थापकाची बोलायची हिंमत होईना. मिस्त्रींनी माझ्यावरचे सगळे दिवे काढले आणि त्या माणसाच्या तोंडावर सोडले. मी अंधारात उभी, हजार माणसं त्याच्याकडे बघताहेत. शेवटी तो उठून गेला, मग उजेड माझ्याकडे परत आला. त्या रात्रीची बिदागी मिस्त्रींना मिळाली नाही आणि त्यांनी मागितलीही नाही. माझ्यावरचा उजेड काढून माझा इतका मान दुसऱ्या कुणी राखलेला नाही.

कंपनी बंद पडली, आम्ही म्हातारे झालो, पण रविवारची बैठक सुटली नाही. दुपार कलली की, असरच्या नमाजानंतर, त्यांच्या ओसरीवर मेंढीकोट हा पत्त्यांचा डाव. मी आणि मिस्त्री एका बाजूला, आसिम आणि त्याची बायको तमन्ना दुसऱ्या बाजूला. चार दश्श्यांपैकी, म्हणजे दहाच्या पानांपैकी, जास्त ज्या जोडीच्या हाती लागतील ती जिंकली, चारही लागल्या तर कोट. मिस्त्रींची बायको जोहराबी खेळत नाही, पण सगळ्यांना नावं ठेवते. पत्ते घरात येऊ देतानाच तिनं दोन अटी घातल्या होत्या: पैसा लावायचा नाही, आणि सूर्य मावळून मगरिबची अजान झाली की डाव अर्धा असला तरी पत्ते डब्यात.

दोन वर्षांपूर्वी मिस्त्रींना काचबिंदू झाल्याचं कळलं, तोवर उशीर झाला होता. आता उजव्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं, डाव्याला तेही नाही.

आसिमनं मग बापासाठी खेळ शोधायचा ध्यास घेतला. आधी मोठ्या आकड्यांचे पत्ते आणले. काही महिन्यांनी तेही दिसेनात. सापशिडी आणली, ती जोहराबीनं उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. फासे हराम, फाशाचा खेळ या घरात नाही म्हणजे नाही. यवतमाळहून लाकडी ठोकळ्यांचा मनोरा आणला. एकेक ठोकळा काढायचा, मनोरा पाडायचा नाही. मशीनवर घडलेली मिस्त्रींची बोटं ती. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना हरवलं आणि वैतागून उठले. यात भिडूच नाही, म्हणाले, मग चिडायचं कोनावर?

शेवटी त्यांनी स्वतःच उपाय काढला. नात जेबा शाळेतून आली की तिला मशीनपाशी बसवायचं. ती पत्त्याचं नाव सांगणार, मिस्त्री धागा न ओवता नुसत्या सुईखाली पत्ता सरकवणार. कोपऱ्यात आकड्याची टोचणी, कडेला रंगाची: इस्पिकला एक भोक, बदामला दोन, चौकटला तीन, किलवरला चार. प्लास्टिकच्या पत्त्यावर भोकाची कड खरखरीत उभी राहते, ती अंगठ्याला लागते. तीन दिवसांत बावन्न पत्ते झाले.

पुढच्या रविवारी ते पत्ते हातात पंख्यासारखे धरून बसले. आम्ही टाकलेल्या पानाचं नाव मोठ्यानं सांगायचो, बाकी सगळं त्यांचं ते. हुकमानं कापताना त्यांनी जमिनीवर हात आपटला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही जिंकत होतो, तेही खरं.

चौथ्या रविवारी आसिमनं हातातले पत्ते पालथे ठेवले.

"अब्बा, तुमी वाटता त्या डावात आमी एकदाही जिंकलो नाई."

मेंढीकोटात हरलेल्या जोडीनं पत्ते पिसायचे आणि वाटायचे, ही हरण्याची शिक्षा. आमच्या जोडीत हे काम कायम मिस्त्रींकडे. आम्ही हरलो की ते वाटणार, आणि पुढचा डाव आमचा. मी हे कधी लक्षातच घेतलं नव्हतं.

"मंग?" मिस्त्री म्हणाले.

"मंग काय. एकेक पान तुमच्या अंगठ्याखालून जाते. माह्या हातात काय आहे ते माह्या आधी तुमाले माहीत. बाजारात याले खुणेचे पत्ते म्हंतेत."

तमन्नानं नवऱ्याचा दंड धरला. मिस्त्रींनी पत्ते गोळा केले, एक पान सतरंजीखाली गेलं होतं तेही चाचपून काढलं, आणि आत गेले. पुढच्या रविवारी आसिम तो नवा खोका घेऊन आला. त्यात सगळ्यांनी मिळून एक संकट परतवायचं असतं, कुणी कुणाला हरवत नाही. तोच खोका अंगणात गेला.

सोमवारी मी आसिमच्या दुकानात जाऊन थडकले. मोटरसायकलचे सुटे भाग विकतो तो. गिऱ्हाईक उभं होतं, मी त्याची पर्वा केली नाही. ज्याच्या हातात लोकांनी मशिनी डोळे मिटून सोपवल्या त्याला तू लबाड म्हणालास, असं मी त्याला माझ्या जुन्या आवाजात सुनावलं. समोरच्या पानठेल्यावरची माणसं वळून बघू लागली. आसिमनं गिऱ्हाइकाला चहाला पाठवलं आणि तोही भडकला.

"अंजूखाला, ते मोठ्या आकड्याचे पत्ते होते ना, तवा मी सात महिने मुद्दाम हरलो. तमन्नाही. अम्मीनं सांगतलं होतं. अब्बा दश्शीले सत्ती समजून टाकत, आन मी ते पान तसंच जाऊ देत होतो. तवा तुमी नाई आल्या भांडाले. या पत्त्यावर मी पहिल्यांदा खरा हरलो. म्हनून बोललो. नसतो बोललो तर चांगलं झालं असतं?"

सात महिने मी त्याच सतरंजीवर बसत होते, आणि मला वाटायचं आपली जोडी फार हुशार.

बुधवारी मी मिस्त्रींना सगळं सांगितलं. सांगू नये असं जोहराबीनं डोळ्यांनी खुणावलं, तरी सांगितलं. मिस्त्रींचा चेहरा लाल झाला. आधी ते बायकोवर उखडले, सात महिने मला नाचवलं म्हणाले. जोहराबी तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही.

"नाचवलं तर नाचवलं. तुमी रडत बसले असते ते कोनं पाह्यलं असतं? मी."

मग ते माझ्याकडे वळले. मी विचारलं, "मिस्त्री, खरं सांगा. वाटताना वाचत होता का?"

ते गुडघ्यावर अंगठा घासू लागले.

"वाचत होतो. पहिल्या दिवशी मनाशी म्हनलं, नाई वाचनार. पन डोळे मिटता येतेत बाई, बोटं कशी मिटू? चाळीस वर्षं यायले वाचाचीच सवय लावली. पान हाती आलं का कळतेच. आन मंग कळल्यावर डाव सोडू? असा कोन खेळते?"

मी म्हटलं, मग तुम्ही वाटू नका, तुमच्याऐवजी मी वाटते. त्यावर त्यांनी मला घरातून हाकलायचंच बाकी ठेवलं. हरलेल्यानं पिसायचं नाही, तर तो हरला कशाला? पिसणार तर मीच, नाहीतर त्या पत्त्यांना काडी लावा. जोहराबी म्हणाली, लावा, स्वयंपाकाला गॅस वाचेल.

मी तो निरोप आसिमला दिला, शब्दही न बदलता.

रविवारी तो उशिरा आला. हातातली चामड्याच्या हातमोज्यांची नवी जोडी त्यानं बापाच्या मांडीवर टाकली. दुकानातलीच होती, कागदी चिठ्ठी लटकत होती.

"वाटताना घाला. बाकी कोनतीच सवलत नाई."

मिस्त्रींनी मोजा नाकाशी नेला, शिवण चाचपली, आणि टाका ढिला आहे, असा माल विकतो म्हणून मुलाला शिव्या घातल्या. मग डबा मागितला.

पहिला डाव आम्ही हरलो. मिस्त्रींनी मोजे चढवले आणि पिसायला घेतलं. पत्ते निसटून सतरंजीभर झाले. जेबा गोळा करायला पुढे सरकली, तर ते तिच्यावर असे ओरडले की पोरगी भिंतीला टेकली. त्या जाड बोटांनी त्यांनी एकेक पान उचललं, पुन्हा पिसलं, वाटलं. तमन्नाच्या वाट्याला चौदा पानं गेली, माझ्या वाट्याला बारा. सगळं परत घेतलं, पुन्हा वाटलं, आणि मगच मोजे काढून आपली पानं उचलली. मदतीला कुणीही हात पुढे केला नाही. ते बघणं फार कठीण होतं. आसिमनं दोनदा घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "अब्बा, अजान व्हाले आली."

"होऊ दे. तुले कायची घाई हाय, जिंकाची?"

त्या डावात आसिमनं आमच्यावर कोट चढवला. जरासुद्धा दया न दाखवता, चारही दश्श्या ओढून. शेवटची मीच टाकली होती, ती त्यानं राजानं ओढली.

मिस्त्रींनी हातातलं अखेरचं पान आपटलं आणि मुलाला सोडून माझ्यावरच तुटून पडले.

"बाई, दश्शी काहून सोडली? राजा त्याच्यापाशी होता, लहान लेकराले समजलं असतं! कंपनीत होत्या तवापासून पाहून राह्यलो, येन टायमाले तुमी विसरता."

मी म्हटलं, विसरले नाही, चुकले. ते म्हणाले, एकच झालं. बडबड करतच त्यांनी पुन्हा एक मोजा घातला, दुसरा दातांनी ओढून हातात चढवला आणि पत्ते पुढ्यात ओढले.